पायी वारीतील शिस्त व वारकऱ्याचे स्वातंत्र्य

१९४८ साली अर्ल शॅफर याने अमेरिकेतील सुमारे साडेतीन हजार किलोमीटरांची ॲपलेशियन वाट एकट्याने पार केली. दीर्घ पायपिटीविषयीच्या पाश्चात्त्य विवेचनात असा एकांत व स्वावलंबन हेच तिचे मर्म मानण्याकडे कल असतो. पंढरीची वारी या कल्पनेत बसत नाही.

तुकारामपुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये सुरू केलेल्या देहूच्या पालखीचा, देहू सोडल्यावरचा पहिला मुक्काम आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरात पडतो. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा राहिला. पुढे हा सारा परिसर कारखान्यांनी भरून गेला. पाळीच्या भोंग्याने बांधलेला येथील कामगार वारीस निघतो, तो काही मोकळ्या वेळापत्रकात नव्हे. दिंडीचा क्रम ठरलेला, मुक्काम ठरलेले, भजनातील अभंगांची मालिकाही ठरलेलीच. मग मोकळेपणा येतो कोठून?

त्याचे उत्तर मनाच्या थकव्यात शोधावे लागते. पहिल्या दोन-तीन दिवसांत सारे लक्ष तळपाय व पोटऱ्या यांकडे असते. पुढे देह सरावतो आणि खरी कसोटी, म्हणजे कंटाळा, सुरू होते. एकट्या वाटसरूस थांबावे की चालावे याचा निर्णय घडोघडी घ्यावा लागतो. वारकऱ्यापुरता तो दिंडीने आधीच घेतलेला असतो. टाळाच्या ठेक्यावर पाय पडतात आणि मन रिकामे राहते. तथापि हे निमूट आज्ञापालन नव्हे. आळंदीच्या पालखीत सायंकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावताच सर्वत्र शांतता पसरते. जिची तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवीतच राहते, व तिचे गाऱ्हाणे तेथेच ऐकले जाते.

या स्वातंत्र्याच्या मर्यादा इरावती कर्वे यांनी ‘वाटचाल’ या लेखात नोंदविल्या आहेत. (त्याचे इंग्रजी रूप १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले.) एका वाटेने, एकच अभंग गात चालणाऱ्या बायका मुक्कामावर जातीनिहाय वेगळ्या चुली मांडीत, मराठा स्त्रियांच्या पंगतीस बसल्यावर त्यांच्याशी आपली जवळीक वाढल्याचे कर्वे सांगतात. घर मागे टाकून आलेल्या स्त्रीला रांधणे मात्र सुटत नव्हते. तुळस डोईवर घेऊन दिवसभर चाललेली बाई मुक्कामी पोहोचताच आधी सरपणाच्या शोधास लागे.