शीत वितरण केंद्रातील प्रशीतन
दूध, फळे, भाजीपाला, मासे इ. नाशवंत अन्नपदार्थ उत्पादनस्थळाहून आणून, काही तास वा काही दिवस थंड ठेवून किरकोळ विक्रेत्यांकडे पाठविणाऱ्या मोठ्या गोदामास शीत वितरण केंद्र म्हणतात. शीतगृहात बटाट्यासारखा माल महिनोन्‌महिने पडून असतो; येथे तो सतत हलता राहतो. त्यामुळे शीतगृहाचा आराखडा जसाच्या तसा येथे वापरल्यास वीज वाया जाते. शीतगृहात भिंती व छप्परातून झिरपणारी उष्णता महत्त्वाची, तर वितरण केंद्रात दारांतून शिरणारी हवा.

मुंबईला थंडावा प्रथम आयात करावा लागला. १८३० च्या दशकात अमेरिकेतील बॉस्टनहून जहाजांनी आलेला नैसर्गिक बर्फ येथे विकला जाई. १९४५ मध्ये मुंबई दूध योजनेखाली चारशे किमी.हून अधिक अंतरावरील आणंदहून थंड केलेले दूध रेल्वेने येऊ लागले. पुढे आरे व प्रभादेवीलगतच्या वरळी येथे मोठ्या दुग्धशाळा उभ्या राहिल्या. १९९६ मध्ये फळे व भाजीपाला यांचा घाऊक बाजार शहरातून वाशीस हलला. आता नवी मोठी गोदामे भिवंडी, तळोजे अशा भागांत आहेत. जागा बदलली, तरी हवा किनाऱ्याचीच आहे.

या हवेचा हिशेब उद्‌बोधक आहे. पावसाळ्यात ३०° से. तापमान व ८०% सापेक्ष आर्द्रता असलेली १ किग्रॅ. हवा २° से. तापमानाच्या खोलीत शिरली, तर ती खोलीच्या स्थितीस आणण्यासाठी सु. ७४ किलोजूल उष्णता काढावी लागते, त्यांपैकी सु. ६०% बाष्पाची सुप्त उष्णता असते. नासिककडील मे महिन्याच्या दुपारी हवा ३८° से. पण कोरडी (आर्द्रता २०%) असताना हाच आकडा सु. ४८ किलोजूल येतो. म्हणजे यंत्रावरील भार केवळ तापमापक पाहून ठरविता येत नाही. शिवाय हे बाष्प शीतन वेटोळ्यांवर हिम होऊन बसते, हवेचा मार्ग अडविते आणि ते वितळविण्यासाठी पुन्हा उष्णता खर्चावी लागते.

१० सेंमी. जाडीच्या पॉलियुरेथेन फेसाच्या १,००० चौ. मी. भिंतीतून तापमानातील फरक ३३° असताना सु. ७ किलोवॉट, म्हणजे सु. २ टन प्रशीतनाएवढी उष्णता आत येते (१ टन = ३.५ किलोवॉट). उलट दर सेकंदास केवळ १ किग्रॅ. दमट हवा आत आल्यास २१ टन लागतात, आणि पूर्ण उघड्या दारातून याहून कितीतरी अधिक हवा जाते. म्हणून भिंत आणखी जाड करण्याआधी पैसा दारावर खर्चावा. ट्रक व शीतकक्ष यांच्यामध्ये ८° ते १०° से. तापमानाची, बाष्प काढून घेतलेली मधली खोली असावी; ट्रकच्या पाठीस चिकटून बसणारी गादी आणि झटपट उघडमीट होणारी दारे असावीत. माथाडी कामगारांना टेम्पोच्या व ट्रकच्या निरनिराळ्या उंचीशी झगडत माल उतरवावा लागतो, तेव्हा दार उघडेच राहते. दोष त्यांचा नसून धक्क्याच्या आखणीचा असतो; उंची बदलणारा फलक बसविल्यास श्रम व वीज दोन्ही वाचतात.

माल गरम आला, तर मात्र उत्तम दारेही निरुपयोगी ठरतात. ३०° से. तापमानाची १० टन द्राक्षे ६ तासांत २° से. पर्यंत थंड करण्यास सु. १३ टन क्षमतेचे प्रशीतन सतत चालवावे लागते. हे काम मळ्याजवळच्या पूर्वशीतन कक्षात, काढणीनंतर लगेच व्हावयास हवे. केंद्रात होईपर्यंत द्राक्षाचे आयुष्य घटलेले असते व तोटा शेतकऱ्याच्या पदरात पडतो. सर्व मालास एकच तापमान ठेवणे हीही चूकच. दुधास ४° से. किंवा त्याहून कमी तापमान लागते, तर केळी १३° से. खाली ठेवल्यास साल काळवंडते.

यंत्रांपैकी संपीडकास (दाबयंत्रास) सर्वाधिक वीज लागते. प्रशीतक −८° से. ला उकळत व ४०° से. ला द्रवरूप होत असेल, तर आदर्श यंत्रात एक एकक कार्याने ५.५ एकके उष्णता काढता येते. संघननाचे तापमान ३५° से. वर आणल्यास हा आकडा ६.२ होतो, म्हणजे कार्य सु. १०% घटते. पाणी शिंपडून थंड होणारा संघनक यासाठी उपयुक्त असला, तरी भिजवलेला तापमापक जे तापमान दाखवितो, त्याच्याखाली तो जाऊ शकत नाही. वरील कोरड्या हवेत ते सु. २१° से., तर मुंबईच्या पावसाळी हवेत सु. २७° से. असते. हिवाळ्यातील रात्री मात्र संघननाचा दाब खाली येऊ द्यावा. तो वर्षभर एकाच पातळीवर अडवून ठेवण्याची जुनी सवय महाग पडते. पंख्यांची वीज दुहेरी मोजावी लागते, कारण तीच उष्णता होऊन खोलीत राहते. पंख्याचा वेग ८०% केल्यास त्याची वीज जवळजवळ निम्मी होते.

प्रशीतकांत अमोनिया कार्यक्षम व स्वस्त आहे. तो ओझोनाचा थर किंवा वातावरणाचे तापमान बिघडवीत नाही. पण तो विषारी असल्याने दाट वस्तीत त्यास यंत्रखोलीतच ठेवून शीतकक्षांत ग्लायकॉलमिश्रित पाणी फिरविणे इष्ट होय. यात थोडी कार्यक्षमता गमवावी लागते. ती माणसांच्या सुरक्षिततेसाठी गमवावी. हॅलोजनी प्रशीतकांचे दिवस मर्यादित आहेत: तापमानवाढ करणाऱ्या अशा वायूंवर नियंत्रण आणणाऱ्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीस भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. कार्बन डाय-ऑक्साइडाचे क्रांतिक तापमान ३१° से. असल्याने मुंबईत तो एकटा वापरणे खर्चाचे असते. गोठण कक्षांत अमोनियाच्या जोडीने तो चांगले काम देतो. [⟶ प्रशीतन].

दुग्धशाळांत फार पूर्वीपासून मागणी कमी असताना नळ्यांभोवती बर्फ साठवून तो दूध येण्याच्या वेळी वितळवितात. या पद्धतीने वीजबिल घटते, एककांची संख्या मात्र घटतेच असे नाही, कारण बर्फ करण्यास प्रशीतक अधिक खालच्या तापमानास उकळवावा लागतो. सौर विजेमुळे स्वस्त दराचे तास रात्रीतून दिवसाकडे सरकू लागले असल्याने साठवणीचे वेळापत्रकही त्यानुसार बदलता येईल असे ठेवावे लागते.