पिंक फ्लॉइडची सिंगल्स

पिंक फ्लॉइडची ओळख अल्बमांचा बँड अशी असली, तरी सुरुवात सिंगलनेच झाली. मार्च १९६७ मध्ये आलेले ‘अर्नोल्ड लेन’ ब्रिटिश यादीत विसाव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, तर जूनमधले ‘सी एमिली प्ले’ सहाव्या. दोन्ही गाणी सिड बॅरेटची.

त्याचेच ‘ॲपल्स अँड ऑरेंजेस’ मात्र यादीत आलेच नाही. १९६८ मध्ये बॅरेट बँडमधून बाहेर पडला. त्या वर्षीची ‘इट वुड बी सो नाइस’ आणि ‘पॉइंट मी ॲट द स्काय’ हीदेखील चालली नाहीत.

त्यानंतर जवळपास अकरा वर्षे ब्रिटनमध्ये बँडचे एकही सिंगल निघाले नाही. लांबलचक, एकमेकींत मिसळणाऱ्या रचनांना छोट्या तबकडीची काही मिनिटे अपुरीच होती.

अमेरिकेत मात्र १९७३ मध्ये सात मात्रांच्या तालातले ‘मनी’ सिंगल म्हणून निघाले आणि तेराव्या क्रमांकावर गेले.

नोव्हेंबर १९७९ मध्ये ‘अनदर ब्रिक इन द वॉल’चा दुसरा भाग आला. मूळ ध्वनिमुद्रणात एकच कडवे होते. निर्माते बॉब एझ्रिन यांनी ते वाढवले आणि दुसऱ्या कडव्यासाठी लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेतल्या मुलांचे आवाज घेतले. हे सिंगल ब्रिटन आणि अमेरिका, दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर पोहोचले.