स्पॅनिश भाषकांचे इंग्रजी उच्चारण : शरीरावयववाचक शब्दांच्या संदर्भात

परभाषेचे ध्वनी माणूस आपल्या मातृभाषेच्या ध्वनिव्यवस्थेतून ऐकतो व उच्चारतो. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये व्यतिरेकी विश्लेषणाची मांडणी केली, ती याच भूमिकेतून. प्रस्तुत लेखात स्पॅनिश भाषकांना इंग्रजी अवयववाचक शब्द उच्चारताना येणाऱ्या अडचणींचा विचार केला आहे. हे शब्द प्राथमिक पाठांत येत असले, तरी त्यांची खरी कसोटी रुग्णालयात लागते.

‘शिन’ म्हणजे नडगी व ‘चिन’ म्हणजे हनुवटी. बहुतेक स्पॅनिश बोलींत ‘श’ हा स्वतंत्र वर्ण नसल्यामुळे दोन्ही शब्द ‘चिन’ होतात. रुग्ण समोर असेल तर बोट दाखवून काम भागते. दूरध्वनीवर मात्र दुखणे नडगीचे आणि चौकशी हनुवटीची असा प्रसंग ओढवू शकतो. स्वरांचेही तसेच. स्पॅनिशमध्ये पाचच स्वर असल्यामुळे घोट्याचा ‘ॲंकल’ आणि काका-मामांचा ‘अंकल’ यांतील भेद पुसला जातो.

‘ह’ची गोष्ट अधिक उद्बोधक आहे. स्पॅनिश लेखनात त्याचे अक्षर आहे, पण ते अनुच्चारित असते; यकृताला ‘इगादो’ व खांद्याला ‘ओम्ब्रो’ म्हणतात, दोन्ही शब्द त्या मूक अक्षरानेच सुरू होतात. साहजिकच ‘हेअर’चा ‘एअर’ आणि टाचेच्या ‘हील’चा ‘ईल’ मासा होतो. चूक टाळण्याच्या प्रयत्नात काही विद्यार्थी घशातून घर्षण करीत ‘ख’कडे झुकतात. शब्दारंभी ‘स’ला जोडलेले व्यंजनही स्पॅनिशला मानवत नाही. तेथे पोट म्हणजे ‘एस्तोमागो’. म्हणून ‘स्किन’ ‘एस्किन’ होते. स्त्री, स्पर्श, स्नान सहज उच्चारणाऱ्या मराठी भाषकास ही अडचण समजावून घ्यावी लागते.

स्पॅनिश लेखन बरेचसे उच्चारानुसारी असल्याने ‘नी’मधील आद्य व ‘थम’मधील अंत्य मूक अक्षरेही वाचली जातात. हा दोष वाचनाचा आहे, जिभेचा नव्हे, आणि तो लवकर सुधारतो.

पाठ्यपुस्तके सर्व स्पॅनिश भाषकांसाठी एकच दोषसूची देतात, हे मात्र योग्य वाटत नाही. ‘माउथ’मधील अंत्य ध्वनी मराठी ‘थ’ नसून दातांमध्ये जीभ ठेवून केलेले घर्षण आहे. माद्रिदच्या विद्यार्थ्याच्या बोलीत तो मुळातच आहे. मेक्सिकोचा विद्यार्थी मात्र ‘माउस’ म्हणतो आणि तोंडाचा उंदीर होतो. क्युबातील बोलीत ‘ह’सारखा ध्वनी आढळतो, तर ब्युनोस आयरेसमध्ये पावसाला ‘शुविया’ म्हणतात. तेथील विद्यार्थ्यास ‘श’ नव्याने शिकवण्याचे कारण नाही. तो त्याच्याच शब्दात आहे, एवढे दाखवून द्यावे लागते.

अध्यापनात उच्चारणाआधी श्रवण यावे. शिक्षकाने ‘शिन’ किंवा ‘चिन’ म्हणावे व विद्यार्थ्याने तो अवयव स्वतःच्या शरीरावर दाखवावा. हात चुकीच्या जागी गेला, तर भेद अद्याप कानापर्यंत पोहोचलेला नाही. अशा वेळी जिभेची कवायत लांबणीवर टाकणेच इष्ट.