चेन्नईचा पाऊस आणि सायकलस्वाराची पावसाळी विजार

चेन्नई – महाराष्ट्रातून नैर्ऋत्य मोसमी पाऊस माघारी फिरतो, त्या सुमारास चेन्नईत पावसाळ्याला खऱ्या अर्थाने प्रारंभ होतो. ईशान्य मोसमी पावसाचे आगमन सर्वसाधारणपणे २० ऑक्टोबरच्या आसपास होते आणि डिसेंबरअखेरपर्यंत तो कमी-अधिक प्रमाणात सुरू राहतो. शहरात वर्षभरात सुमारे १,४०० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यापैकी निम्म्याहून अधिक पाऊस या अल्प काळातच कोसळतो.

या दिवसांत सायकलवरून कामाला किंवा शाळेला जाणाऱ्यांची संख्या लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार, शेती आणि घरगुती उद्योग वगळता इतर कामांवर जाणाऱ्यांपैकी देशभरात सुमारे १३ टक्के लोक सायकलचा वापर करीत होते. तमिळनाडूत २००१-०२ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे व्यापक झालेल्या सरकारी योजनेद्वारे अकरावीच्या विद्यार्थ्यांना विनामूल्य सायकली दिल्या जातात. यांपैकी बहुतेकांना कामाच्या ठिकाणी किंवा शाळेत कपडे बदलण्याची सोय नसते. सकाळी भिजलेली विजार दिवसभर अंगावरच वाळवावी लागते.

यावर बाजारात मिळणारा उपाय म्हणजे पावसाळी विजार, अर्थात रेनकोटची पँट. मात्र अर्धा तास सायकल चालविल्यानंतर ही विजार काढली, तर आतील कपडे ओलेच आढळतात, असा अनेकांचा अनुभव आहे. विजार बाहेरून गळलेली नसते. आतला ओलावा घामाचा असतो. हे का घडते आणि त्यावर काय करता येते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल.

पाणी दोन दिशांनी येते

पायी चालणाऱ्याच्या डोक्यावर आणि खांद्यांवर पाऊस पडतो. सायकलस्वाराची स्थिती निराळी असते. पेडल मारताना त्याची मांडी वरच्या स्थितीत जवळजवळ आडवी होते आणि तिचा पुढील पृष्ठभाग पाऊस थेट झेलतो. सायकल पुढे जात असल्याने सरळ पडणारा पाऊसही तिरका येऊन पायांवर आदळतो. याखेरीज रस्त्यावरील पाणी खालून उडते. पुढचे चाक ते पोटऱ्यांवर आणि पावलांवर फेकते, तर मागचे चाक पाठीवर आणि बैठकीवर.

खालून उडणारे पाणी अडविण्याचे काम विजारीपेक्षा मडगार्ड अधिक चांगल्या प्रकारे करते. १९४९ साली चेन्नईत स्थापन झालेल्या टीआय सायकल्स या कंपनीच्या अंबत्तूर येथील कारखान्यातून हर्क्युलिस सायकली देशभर गेल्या. त्या काळच्या साध्या, काळ्या सायकलींना लांब मडगार्ड आणि साखळीवर झाकण असे. आजच्या अनेक गिअरच्या सायकलींना या दोन्ही गोष्टी नसतात. त्यामुळे पावसाळी विजार विकत घेण्यापूर्वी सायकलला पूर्ण लांबीचे मडगार्ड बसविणे हा कमी खर्चाचा आणि अधिक परिणामकारक उपाय ठरतो.

मॅकिंटॉशपासून गोअर-टेक्सपर्यंत

जलरोधक कापडाचा आधुनिक इतिहास २०० वर्षांचा आहे. स्कॉटलंडमधील रसायनतज्ज्ञ चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ साली दोन कापडांच्या मध्ये रबराचा थर बसविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. हे कापड उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ताठर होई. गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची प्रक्रिया विकसित झाल्यावर हा दोष दूर झाला. भारतात सुरेंद्रमोहन बोस यांनी कोलकात्यात १९२० साली सुरू केलेल्या उद्योगातून 'डकबॅक' हे नाव पुढे आले आणि अनेक पिढ्यांच्या मनात ते रेनकोटचे पर्यायी नाव बनले.

रबर किंवा पीव्हीसीचा अखंड थर पाणी पूर्णपणे अडवितो, पण घामाची वाफही तो बाहेर जाऊ देत नाही. या अडचणीवर १९६९ साली अमेरिकेत उत्तर सापडले. रॉबर्ट गोर यांनी टेफ्लॉन ज्या पदार्थापासून बनते, तो पदार्थ तापवून झटकन ताणला आणि त्यात अतिसूक्ष्म छिद्रे असलेला पातळ पडदा तयार झाला. हाच पडदा पुढे गोअर-टेक्स या नावाने कापडात वापरला जाऊ लागला. कंपनीच्या माहितीनुसार त्यातील छिद्र पाण्याच्या थेंबापेक्षा सुमारे २०,००० पटींनी लहान, परंतु वाफेच्या रेणूपेक्षा सुमारे ७०० पटींनी मोठे असते. परिणामी थेंब आत येऊ शकत नाही आणि वाफ बाहेर जाऊ शकते. अशा कापडांना 'श्वास घेणारे' कापड म्हटले जाते. ती साध्या रेनकोटच्या तुलनेत कित्येक पटींनी महाग असतात.

लेबलवरील आकड्यांचा अर्थ

महाग विजारींवर सहसा दोन आकडे दिलेले असतात. पहिला आकडा मिलिमीटरमध्ये असतो. कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केल्यावर ते पाझरू लागते, हे त्यावरून कळते. १,५०० मिलिमीटरचे कापड चालणाऱ्याला पुरेसे असले, तरी सायकलस्वाराला ते पुरतेच असे नाही. समजा, शरीराचा ४० किलोग्रॅम भार सीटच्या २०० चौरस सेंटिमीटर भागावर पडला. तर तेथील दाब पाण्याच्या २,००० मिलिमीटर उंच स्तंभाइतका होतो. ओल्या सीटवरचे पाणी मग कापडातून आत ढकलले जाते. बैठकीचा भाग सर्वप्रथम ओला होतो, त्याचे एक कारण हे आहे. शिवणींवर आतून पट्टी चिकटविलेली नसल्यास सुईच्या छिद्रांतूनही पाणी शिरते.

दुसरा आकडा वाफेचा असतो. एक चौरस मीटर कापडातून २४ तासांत किती ग्रॅम वाफ बाहेर जाते, हे तो सांगतो. ५,००० किंवा १०,००० असे आकडे पाहून ग्राहक प्रभावित होतो. तथापि, ही मोजणी प्रयोगशाळेतील ठरावीक तापमानात आणि आर्द्रतेत केलेली असते. चाचणीच्या पद्धतीही अनेक आहेत. त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतीलच असे नाही.

चेन्नईत वाफ अडते का?

वाफ कापडातून आपोआप बाहेर पडत नाही. विजारीच्या आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती बाहेरच्या दिशेने सरकते. हा फरक जितका मोठा, तितका तिचा वेग अधिक.

चेन्नईत नोव्हेंबरमधील पावसात तापमान २६ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ९० टक्के आहे, असे समजू. त्या हवेतील वाफेचा दाब सुमारे ३ किलोपास्कल होतो. ३४ अंश तापमानाच्या घामेजलेल्या त्वचेजवळ तो सुमारे ५.३ किलोपास्कल असतो. म्हणजे फरक २.३ इतकाच राहतो. आता युरोपातील ८ अंश तापमानाचा पावसाळी दिवस घेऊ. तेथेही आर्द्रता ९० टक्केच असली, तरी थंड हवेत वाफ कमी मावत असल्याने बाहेरचा दाब अवघा १ किलोपास्कल भरतो. त्वचेजवळचे तापमान तेच धरले, तर फरक ४.३ होतो. याचा अर्थ असा की, तीच विजार चेन्नईत जवळजवळ निम्म्याच जोराने वाफ बाहेर टाकते.

याच वेळी घाम मात्र अधिक येतो. सायकल चालविताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, तिच्यापैकी साधारणतः चौथा किंवा पाचवा हिस्साच पेडलपर्यंत पोहोचतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता बनते. मध्यम वेगाने जाताना ही उष्णता २५० वॅट धरली आणि ती केवळ घामावाटे बाहेर पडायची असेल, तर तासाला सुमारे ३७५ ग्रॅम घामाचे बाष्पीभवन व्हावे लागते. थंड प्रदेशात वारा आणि थंड हवा यांमुळे बरीच उष्णता परस्पर निघून जाते. चेन्नईत तशी सवलत नाही.

यात आणखी एक अडचण आहे. कापडाच्या बाहेरील बाजूवर पाण्याचे मणी ओघळून जावेत यासाठी एक लेप दिलेला असतो. वापराने, धुण्याने आणि चिखलाने तो झिजला की बाहेरचे कापड पाणी पिते आणि वाफेची वाट बंद होते. पूर्वी या लेपांत वापरली जाणारी काही फ्लोरिनयुक्त रसायने निसर्गात विघटित होत नाहीत. त्यांपैकी 'पीएफओए' या रसायनाचा समावेश २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या प्रतिबंधित यादीत करण्यात आला. फ्लोरिनविरहित लेप आता उपलब्ध आहेत, परंतु तेल आणि मळ यांना ते तुलनेने कमी रोखतात आणि त्यांची निगा अधिक राखावी लागते.

निवड कशी करावी?

वरील विवेचनावरून एक गोष्ट स्पष्ट होते. उष्ण आणि दमट हवेत कापडाच्या किमतीपेक्षा विजारीतून खेळणाऱ्या हवेला अधिक महत्त्व आहे. मुंबई, कोकण आणि गोवा येथील पावसाळ्यालाही हाच निष्कर्ष लागू पडतो. पायाच्या बाजूने वरपर्यंत उघडणारी चेन असलेली सैल विजार, अंगाला चिकटून बसणाऱ्या महाग विजारीपेक्षा सोयीची ठरते. पाऊस थांबला की चेन उघडून वारा आत घेता येतो आणि बूट न काढता विजार उतरविता येते.

नेदरलँड्समध्ये काही सायकलस्वार मांडीचा केवळ पुढचा भाग झाकणारे, मागून मोकळे असलेले आवरण कमरेला बांधतात. ज्या भागावर पाऊस पडतो तोच भाग झाकला जातो आणि मागून हवा खेळती राहते. मडगार्ड असलेल्या सायकलवर ही रचना चेन्नईच्या हवेलाही मानवणारी आहे. साध्या जलरोधक कापडातून स्थानिक शिंप्याकडूनही असे आवरण शिवून घेता येईल.

सैल विजारीचा धोका मात्र लक्षात ठेवावा लागतो. उजव्या पायाचा काठ साखळीत अडकल्यास सायकलस्वार तोल जाऊन पडू शकतो. घोट्यापाशी पट्टी किंवा बटन असावे. ते नसल्यास रबरी पट्टा बांधावा. सलवार आणि ओढणी वापरणाऱ्या विद्यार्थिनींनी ओढणीची टोके बांधून घेणे अत्यावश्यक आहे. पावसात दृश्यता कमी होत असल्याने काळ्याऐवजी पिवळा किंवा नारिंगी रंग आणि प्रकाश परावर्तित करणारी पट्टी असलेली विजार निवडावी.

घरी परत निघालेल्यांसाठी सर्वांत जुना उपायही टाकाऊ नाही. लुंगी किंवा वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून, पायात चपला घालून पावसात सायकल हाकणारे कष्टकरी चेन्नईत आजही दिसतात. उघडी त्वचा पाणी शोषून घेत नाही आणि पुसताच कोरडी होते. आखूड विजार घालून निघायचे आणि कोरडी विजार पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्यायची, ही त्याच उपायाची आजची आवृत्ती म्हणता येईल. त्यासाठी पोहोचल्यावर कपडे बदलण्यास एक आडोसा तेवढा लागतो. शाळा आणि कार्यालये ही सोय अल्प खर्चात करू शकतात.

विजार जिथे उपयोगी पडत नाही

पावसाळी विजार वरून येणाऱ्या पाण्यासाठी असते, साचलेल्या पाण्यासाठी नव्हे. १ आणि २ डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीत तांबरम येथे २४ तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पावसाची नोंद झाली आणि चेन्नईचा मोठा भाग जलमय झाला. डिसेंबर २०२३ मधील मिचौंग चक्रीवादळाच्या वेळीही शहरातील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा पाण्याखाली उघडी गटारे, खड्डे आणि विजेच्या तारा असू शकतात. जनावरांच्या, विशेषतः उंदरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळणारे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू त्वचेवरील जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या रोगाच्या साथीचा अनुभव घेतला आहे. त्यामुळे रस्त्यावर पाणी साचले असल्यास सायकल न काढणे हेच श्रेयस्कर. नाइलाजाने पाण्यातून जावे लागलेच, तर जखमा झाकाव्यात, घरी पोहोचताच पाय साबणाने धुवावेत आणि पुढील दिवसांत ताप आल्यास डॉक्टरांना त्याची कल्पना द्यावी.

चेन्नईचा पाऊस पुष्कळदा जोरदार सरींच्या रूपात येतो आणि मध्ये उघडीप देतो. शहरात २००२ पासून डॉप्लर रडार आहे आणि रडारची चित्रे हवामान विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. निघण्यापूर्वी त्यांवर नजर टाकून पंधरा-वीस मिनिटे थांबल्यास अनेकदा विजारीची गरजच उरत नाही.

निगा महत्त्वाची

दमट हवेत विजारीचे आयुष्यही कमी होते. नायलॉनवरील पॉलियुरेथेनचा लेप उष्णता आणि ओलावा यांमुळे हळूहळू विघटित होऊन चिकट बनतो आणि त्याचे पापुद्रे सुटतात. ओली विजार घडी करून पिशवीत ठेवल्यास ही प्रक्रिया वेगाने होते व बुरशीही धरते. म्हणून घरी येताच ती उलटी करून सावलीत टांगावी, चिखल साध्या पाण्याने धुवावा आणि कपडे मऊ करणारी रसायने वापरू नयेत. हंगाम संपल्यावर ती पूर्ण वाळवून, सैल घडी घालून हवेशीर जागी ठेवावी.

थोडक्यात, थंड देशांसाठी तयार झालेली महाग विजार चेन्नईच्या सायकलस्वाराला कोरडे ठेवीलच, अशी खात्री देता येत नाही. मडगार्ड, मांडीवरचे मोकळे आवरण, पिशवीतील कोरडी विजार आणि सर ओसरेपर्यंतचा थोडा संयम, या चार गोष्टी मात्र बहुतेकांच्या आवाक्यात आहेत.