प्रणाली बदलली, पत्रकही बदलावे

राज्यातील शेतकरी १५ ऑगस्ट २०२१ पासून 'ई-पीक पाहणी' या मोबाईल ॲपद्वारे सातबाऱ्यावरील आपल्या पिकाची नोंद स्वतः करू लागले. १ ऑगस्ट २०२२ रोजी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ही नोंद ४८ तासांच्या आत एकदा दुरुस्त करण्याची सोय झाली. मात्र पेण तालुक्यातील गडबसारख्या भातशेतीच्या गावी चावडीवर पहिल्या आवृत्तीचेच माहितीपत्रक राहिले, तर ही सोय शेतकऱ्यास कळणार नाही. चुकीची नोंद तशीच राहील आणि नुकसानभरपाईच्या वेळी त्याची अडचण होईल. यास्तव प्रत्येक पत्रकावर आवृत्ती व दिनांक नमूद करावा, नवी आवृत्ती येताच जुने पत्रक काढून घ्यावे आणि शेतकरी वारंवार विचारतात त्या प्रश्नांची उत्तरे नव्या पत्रकात सोप्या मराठीत प्रथम द्यावीत.