मोहाच्या फुलांचा मुरंबा

मोहाचें नांव काढतांच आमच्या शहरांतील पुष्कळ घरांत मंडळी नाक मुरडतात. मोह म्हणजे दारू, एवढेंच त्यांस ठाऊक असतें. सरकारचेंही लक्ष प्रथमपासून दारूकडेच लागलेलें. मुंबई इलाख्यांत १८९२ सालीं या फुलांविषयीं स्वतंत्र कायदा झाला, व महाराष्ट्रांत फुलें गोळा करण्यावरचे आणि बाळगण्यावरचे निर्बंध २०२१ सालीं कोठें उठले. परंतु विदर्भांतील गोंड व इतर वननिवासी लोकांच्या घरीं मोह हें अन्न आहे. वाळविलेलीं फुलें भाजून, शिजवून, तिळाबरोबर कुटून खातात. धान्य सरलें म्हणजे कित्येक कुटुंबांनीं याच फुलांवर दिवस काढले आहेत. ज्या गोडीमुळें फुलाची दारू होते, त्याच गोडीमुळें त्याचा उत्तम मुरंबाही होतो. तो कसा, हें आम्ही येथें सांगणार आहों.

मोहाचें झाड मार्च-एप्रिलांत फुलतें. पानें झडलेल्या फांद्यांच्या टोकांस झुपके लागतात, आणि फिकट पिवळसर, मांसल, मण्यासारखीं फुलें रात्रीपासून सकाळपर्यंत खालीं गळतात. गळतो तो केवळ पाकळ्यांचा गोळा. फळ ज्यापासून धरतें तो भाग झाडावरच राहतो. म्हणून खालीं पडलेलें फूल वेंचल्यानें फळ बुडत नाहीं. मात्र अस्वलासही हें फूल फार प्रिय आहे, तेव्हां पहांटेच्या अंधारांत रानांत जाण्याचें साहस विद्यार्थ्यांनीं मुळींच करूं नये. शिवाय गांवाजवळचीं झाडें बहुधा कोणा ना कोणा कुटुंबाच्या वहिवाटीचीं असतात, आणि गौण वनोपजावरील वननिवासी लोकांचा हक्क २००६ च्या कायद्यानें मान्य झालेला आहे. आमच्या मतें शहरच्या माणसानें आठवडी बाजारांत योग्य दाम देऊन फुलें घ्यावीं, हेंच बरें. घेतांना राखेचीं वा करपलेलीं फुलें टाळावीं. वेंचणें सोपें व्हावें म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची चाल आहे, तिनें वणवे लागतात.

आतां मुख्य गोष्ट. ताज्या फुलांत साखर पुष्कळ, पण पाणी त्याहून अधिक. अशा पातळ गोड रसांत हवेंतील व फुलांवरील किण्वाचे सूक्ष्म जीव झपाट्यानें वाढतात आणि साखरेचें मद्य करितात. सकाळचीं फुलें ढीग करून ठेवलीं तर लवकरच आंबूस वास येऊं लागतो तो यामुळेंच. उन्हांत वाळविलें कीं पाणी जातें व फूल टिकतें. मुरंब्यांतही युक्ति तीच. शंभर भागांत साखर सुमारें ६५ ते ७० भाग झाली म्हणजे ती पाणी धरून ठेवते, आणि त्या जीवांस वाढावयास पाणी उरत नाहीं. गुलकंदाप्रमाणें मोहाचीं ताजीं फुलें साखरेच्या थरांत घालून उन्हांत ठेवणें मात्र धोक्याचें. गुलाबाची पाकळी पातळ व कोरडी. मोहाचें फूल इतका रस सोडतें कीं साखर बेताची असली तर तिचें पाणीच होतें. येथें चूल हवीच.

वाळलेलीं फुलें पाव किलो घ्यावीं. हातांवर चोळून आंतील केसर झाडून टाकावें, दोन-तीन पाण्यांनीं धुवावीं, व बुडतील इतक्या पाण्यांत मऊ होईपर्यंत शिजवावीं. मग घोटून लगदा करावा व तो तोलावा. लगद्याच्या तीन चतुर्थांश वजनाची साखर आणि दोन लिंबांचा रस त्यांत घालावा. मोहास आंबटपणा फार थोडा असल्यानें लिंबावांचून चव बेचव लागते व साखरही पुढें दाणेदार होते. मृग बहाराचीं संत्रीं तोंवर बाजारांत मिळतात. त्यांच्या बिया व सालीचा आंतला पांढरा भाग फडक्यांत बांधून पातेल्यांत सोडला तर मिश्रण चांगलें घट्ट धरतें. नागपूरकरांस ही सोय फुकट आहे! पातेलें स्टीलचें किंवा कल्हईचें असावें, आणि ढवळणें थांबवूं नये. मोहाचा लगदा तळाशीं लवकर लागतो. उष्णतामापक असल्यास १०५ अंश सेंटिग्रेड पाहावें. नसल्यास गार बशींत थेंब टाकावा, तो ओघळला नाहीं कीं झालें. हें काम वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालींच व्हावें, कारण उकळता पाक अंगावर उडाला तर वाईट भाजतें.

उकळत्या पाण्यांतून काढून कोरड्या केलेल्या कांचेच्या बरणींत मुरंबा गरम असतांच भरावा व झांकण घट्ट लावावें. रंग काळसर तपकिरी येतो. वास प्रथम उग्र वाटेल, पण थोड्या दिवसांनीं निवळतो. ज्वारीच्या भाकरीशीं तो फार छान लागतो. दुसरीं रानफुलें अशा रीतीनें करून पाहण्याची हौस मुलांस होईल, त्यांना एवढेंच बजावतों कीं कण्हेर, पिवळी कण्हेर आणि धोतरा यांचें फूल विषारी असतें, आणि ओळखीचें नाहीं तें फूल तोंडांत घालूं नये. बरणी उघडल्यावर ओला चमचा घालूं नये. मुरंब्यांत बुडबुडे दिसले किंवा आंबूस वास आला, तर वरचा थर काढून उरलेला वांचविण्याचा लोभ न धरतां सगळा टाकून द्यावा.