मरणाचा उकाडा

इंग्रजीतल्या 'सल्ट्री' या विशेषणाशी भाषांतर करताना मला दरवेळी थांबावं लागतं. गरम, दमट, वारा पडलेली, जीव घुसमटवणारी हवा, एवढं सगळं त्या एका शब्दात आहे. आपला 'उकाडा' हे नाम. एरवी आपण सरळ 'उकडतंय' म्हणतो आणि मोदक-बटाट्यांच्या पंक्तीला जाऊन बसतो. इंग्रजी शब्द मात्र स्वयंपाकघरातून नव्हे, स्मशानातून आला आहे.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस 'सल्ट्री' लिखाणात दिसू लागतो. 'सल्टर' या आता लुप्त झालेल्या क्रियापदापासून तो निघाला. हे क्रियापद म्हणजे 'स्वेल्टर'चं, उकाड्याने कासावीस होण्याचं, दुसरं रूप. त्याच्याही मागे जुन्या इंग्रजीतलं 'स्वेल्टन' आहे. त्याचा अर्थ नुसता 'मरणे'. उन्हाचा त्यात काही संबंध नव्हता.

मरणासाठी तेव्हा आणखी एक क्रियापद होतं, 'स्टेओर्फन'. जर्मन 'श्टेर्बेन' त्याचंच नातलग. पुढे 'डाय' रूढ झालं, बहुधा व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेतून, आणि या दोघांचं मूळ काम गेलं. मग त्यांनी बारीकसारीक मरणं वाटून घेतली, असं मला म्हणावंसं वाटतं. 'स्टेओर्फन'चं 'स्टार्व्ह' झालं: प्रमाण इंग्रजीत भुकेने मरणं, उत्तर इंग्लंडच्या बोलीत थंडीने काकडणं. 'स्वेल्टन'च्या वाट्याला उकाडा आला. स्वीडिशमध्ये त्याच कुळातलं क्रियापद भुकेकडे गेलं, हेही गमतीचंच.

शब्द नवा असतानाच शेक्सपिअरने तो 'हॅम्लेट'च्या शेवटच्या अंकात वापरला. हॅम्लेट म्हणतो थंडी आहे, दरबारी ऑस्रिक मान डोलावतो. हॅम्लेट लगेच म्हणतो हवा 'सल्ट्री' आहे, ऑस्रिकची त्यालाही मान. खुशमस्कऱ्याचं हवामान असंच असतं.

पुढे अठराव्या शतकापासून हा शब्द कामवासनेलाही लागू लागला. विसाव्या शतकात नटीची नजर, गायिकेचा आवाज 'सल्ट्री' झाला. इथे आपला उकाडा साथ सोडतो. त्याला घाम आहे, शृंगार नाही. 'मादक' लिहून भागतं, पण त्यात हवा उरत नाही.

हवेपुरतं बोलायचं तर 'मरणाचं उकडतंय' मला मुळाशी सर्वांत जवळचं वाटतं. 'स्वेल्टन'ची ओळख नसताना आपण मरण आणि उकाडा शेजारी बसवले आहेत. पात्राच्या तोंडी मी बेलाशक तेच घालतो. निवेदनात ते चालत नाही. तिथे 'वारा पडला होता' इथूनच सुरुवात करावी लागते.